मिथेन हवेत १०-१२ वर्षंच टिकतो, मग कोट्यवधी वर्षांच्या हवामानात त्याचा वाटा कसा असेल?

प्रश्न वाचला आणि लिहायलाच बसलो, कारण अगदी हेच वाक्य मला एम.एस्सी.च्या व्हायवात ऐकवलं होतं. मी जिऑलॉजीचा, प्रोजेक्ट जुन्या हवामानावर. बाहेरून आलेले एक्झामिनर म्हणाले, "दहा वर्षांत संपणारा वायू लाखो वर्षांचं हवामान काय घडवणार? मूलभूत चूक आहे ही." मी गप्प बसलो. मार्क गेले त्याचं काही नाही, गप्प बसलो ते अजून खुपतं, कारण याचं उत्तर मी लहानपणी रोज डोळ्यांनी बघितलेलं होतं.

आजोळी भुदरगडकडे गोबरगॅस होता, म्हणजे मुख्यतः मिथेनच, जुन्या पद्धतीचा, तरंगत्या लोखंडी ड्रमचा. आजी सकाळी शेण पाण्यात कालवायची, गवताच्या काड्या हाताने वेचून काढायची आणि टाकीत ओतायची. रात्रभरात ड्रम हातभर वर यायचा, भाकऱ्या होईस्तोवर परत खाली. त्यातला गॅस दिवसा-दोन दिवसांपेक्षा जुना कधी नसायचा, पण शेगडी वीस वर्षं पेटली. एका वर्षी दोन म्हशी विकल्या तर ड्रम अर्ध्यावरच थांबायला लागला आणि रात्रीचा स्वयंपाक चुलीवर गेला. म्हणजे गॅस किती दिवस टिकतो एवढ्यावरून काही ठरत नाही, रोज किती ओतताय आणि किती जाळताय ते बघायचं.

हवेचंही तेच आहे. मिथेन उष्णता अडवून धरतो. दलदली तो हवेत ओततात, आणि हवेतलं हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन आणि हायड्रोजनचा झटकन क्रिया करणारा कण) तो जाळतं. अंटार्क्टिकात डोम सी म्हणून जागा आहे, तिथल्या बर्फात ८ लाख वर्षांपर्यंतच्या हवेचे बुडबुडे अडकलेत. त्यात हिमयुग आलं की मिथेन अब्जात ३५०-४०० भागांवर येतो, उबदार काळात ७०० च्या आसपास जातो, पुन्हा पुन्हा. हिमयुगात पाऊस आटला, उत्तरेकडच्या दलदली गोठल्या, म्हणजे ओतणंच कमी झालं. आज हाच आकडा १९०० च्या वर आहे.

आता त्याच्याही मागे चला. ३०० कोटी वर्षांपूर्वी सूर्य आजच्यापेक्षा साधारण २० टक्के मंद होता तरी समुद्र गोठलेले नव्हते. हवेत ऑक्सिजन जवळपास नव्हताच, म्हणजे मिथेन जाळणारी शेगडी बंद, आणि तो हजारो वर्षं टिकून उष्णता धरून ठेवायचा! १०-१२ वर्षं हा आकडा आजच्या हवेचा आहे, तो तेव्हाच्या हवेला लावणं हीच खरी मूलभूत चूक. पुढे साधारण २४० कोटी वर्षांपूर्वी ऑक्सिजन वाढला, शेगडी पेटली, आणि त्याच सुमाराला मोठी हिमयुगं सुरू होतात.

शिवाय "संपणारा" म्हणजे काय? जळालेल्या मिथेनचा कार्बन डायऑक्साइड होतो आणि त्याचा बराच भाग हजारो वर्षं राहतो. ५.६ कोटी वर्षांपूर्वी पृथ्वी ५-६ अंशांनी तापली तेव्हाच्या समुद्री कवचांमध्ये हलका कार्बन (कार्बनचा कमी वजनाचा प्रकार, मिथेनमध्ये तो जास्त असतो) एकदम वाढलेला दिसतो. समुद्रतळाच्या बर्फात कोंडलेला मिथेन सुटला असावा असं त्यावरून बरेच जण मानतात. तसला बर्फ आपल्याकडे कृष्णा-गोदावरीच्या मुखासमोरच्या समुद्रात २००६ च्या ड्रिलिंगमध्ये सापडलाय, काडी लावली की पेटतो.

हां, एवढं लिहिल्यावर हेही सांगायला हवं की मुख्य सूत्रधार बहुतेक वेळा कार्बन डायऑक्साइडच असतो, मिथेन त्याला जोर देतो. ३०० कोटी वर्षांपूर्वीची हवा कुणी बाटलीत भरून ठेवलेली नाही, तिथले मिथेनचे आकडे मॉडेलवरचे आहेत. आणि ५.६ कोटी वर्षांपूर्वीच्या प्रकारात उत्तर अटलांटिकचे ज्वालामुखीही तितकेच संशयित आहेत.

पण तुमच्या व्हायवात कुणी हे वाक्य तोंडावर टाकलं तर गप्प बसू नका. सरळ विचारा, सर, कुठल्या काळातल्या हवेत दहा वर्षं?