वाचकांचे प्रश्न : डावा कौल आणि इन्सुलिनची सुई

प्रश्न : माझ्या भावाची ९ वर्षांची मुलगी गेल्या गणपतीनंतर सारखे पाणी पिऊ लागली, वाळत गेली आणि एका रात्री उलट्या होऊन तिची शुद्ध हरपली. जिल्हा रुग्णालयात तिला टाइप वन मधुमेह असल्याचे निष्पन्न झाले. तेव्हापासून तिला दिवसातून चार वेळा इन्सुलिन टोचावे लागते. भावाने देवळात गाऱ्हाणे घातले, रोज अंगारा लावला, आणि दोनेक महिन्यांत साखर इतकी आटोक्यात आली की डॉक्टरांनीच इन्सुलिनची मात्रा निम्म्यावर आणली. आता आमच्या थोरल्या काकांनी ग्रामदेवतेसमोर ‘सुई चालू ठेवावी काय’ असा कौल लावला, म्हणजे दगडावर कळ्या चिकटवून देवाचा होकार-नकार विचारला, आणि तो डावा, म्हणजे नकाराचा, पडला. येत्या अमावास्येपासून इन्सुलिन बंद करून मुलीला केवळ देवाच्या तीर्थावर ठेवायचे, असे घरात ठरले आहे. वहिनी काही बोलत नाही. मी माहेरवाशीण, आग्रह धरला तर देवाच्या शब्दाआड आली असे म्हणतील. आईवडिलांना असा निर्णय घेण्याचा अधिकार आहे काय? मी काय करावे?
— एक आत्या, देवगड तालुका

उत्तर : अंक छापून हाती पडेपर्यंत अमावास्या उलटून जाईल, म्हणून या उत्तराचा गाभा आपल्याला टपालाने आधीच कळवला आहे. तो असा की या मुलीचे इन्सुलिन एक दिवसही बंद होता कामा नये. उरलेला मजकूर येथे सविस्तर देत आहे, कारण आपल्या भावाच्या घरात जे घडले ते कोणत्याही श्रद्धाळू घरात घडू शकते आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे.

टाइप वन मधुमेहात स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी शरीराची स्वतःची प्रतिकारशक्तीच नष्ट करत जाते. रोग उघडकीला येतो तेव्हा बहुतेक पेशी गेलेल्या असतात, तरी थोड्या शिल्लक असतात. बाहेरून इन्सुलिन मिळू लागले की या उरलेल्या पेशींवरचा ताण हलका होतो, त्या पुन्हा काही काळ बऱ्यापैकी काम करू लागतात आणि मुलाला टोचाव्या लागणाऱ्या इन्सुलिनची मात्रा झपाट्याने कमी होते. डॉक्टर याला ‘हनिमून काळ’ म्हणतात. उपचार सुरू झाल्यावर काही आठवड्यांत तो येतो, काही महिने टिकतो, क्वचित वर्षभर किंवा त्याहून थोडा अधिक लांबतो, आणि मग संपतो, कारण पेशींचा नाश आतून चालूच असतो. आपल्या भाचीची साखर आटोक्यात आली ती या काळात. नेमका तोच काळ गाऱ्हाण्याचा आणि अंगाऱ्याचा होता, तेव्हा वडिलांनी दोहोंचा संबंध जोडला तर त्यांना भाबडे म्हणून हिणवण्याचे कारण नाही. त्यांनी डोळ्यांनी पाहिलेली सुधारणा खरीच होती. रुग्णालयातून घरी पाठवताना ‘मध्यंतरी मात्रा बरीच उतरेल, पण ती पुन्हा वाढेल’ एवढे एक वाक्य आईवडिलांना आवर्जून सांगितले गेले पाहिजे. ते अनेकदा सांगायचे राहते, आणि त्या रिकाम्या जागेत चमत्कार येऊन बसतो.

इन्सुलिन बंद केल्यावर काय होते तेही स्पष्ट लिहितो. पेशींना साखर वापरता येत नाही, म्हणून शरीर चरबी जाळू लागते आणि रक्तात आम्ल साठते. आधी तहान व लघवी वाढते, मग पोटात दुखते, उलट्या होतात, श्वास खोल आणि जोराचा चालतो, तोंडाला पिकून उतरलेल्या फळासारखा वास येतो आणि मूल गुंगीत जाते. हा सारा प्रवास दिवसाभरात किंवा थोड्या दिवसांत होऊ शकतो. आपल्याकडे अशा मुलाला पाहून ‘भायरची बाधा’ म्हणणारे कोणीतरी भेटतेच, आणि जे तास शिरेतून सलाइन व इन्सुलिन देण्यात जायला हवेत ते उतारा टाकण्यात जातात. इन्सुलिन पोटातून घेता येत नाही, कारण ते अन्नासारखे पचून जाते. तेव्हा तीर्थ, काढा किंवा झाडपाला सुईची जागा घेऊ शकत नाही. जानेवारी १९२२ मध्ये टोरोंटो येथे १४ वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले. त्याआधी हा आजार झालेली मुले, आईवडील कोणत्याही धर्माचे असोत आणि कितीही प्रार्थना करोत, बहुधा वर्षा-दोन वर्षांत दगावत असत.

आता कौलाबद्दल. गावऱ्हाटीत, म्हणजे गावाच्या देवधर्माच्या रीतिरिवाजात, कौलाला मान आहे आणि तो असू नये असे मी म्हणणार नाही. आंगणेवाडीच्या भराडीदेवीच्या जत्रेची तारीख पंचांगातील ठरलेल्या तिथीने येत नाही. ती देवीच्या कौलाने ठरते आणि लाखो माणसे ती मानून मुंबईहून येतात. त्यात कोणाचे काही बिघडत नाही. पण जत्रा चार दिवस पुढे गेल्याने कोणाचा जीव जात नाही, इन्सुलिन चार दिवस थांबल्याने जातो. ज्या प्रश्नाच्या एका उत्तराने लेकराचा मृत्यू ओढवतो तो प्रश्न देवापुढे ठेवणे हेच मुळात चुकले आहे, आणि ही चूक देवाची नसून विचारणाऱ्याची आहे. बुडत्या मुलाला पाण्याबाहेर काढू का, असा कौल कोणी लावत नाही. माझे मत असे आहे की उपचाराला देवाची परवानगी मागू नये. उपचार लागू पडावा म्हणून देवाला गाऱ्हाणे घालावे. गुरवाकडून किंवा गावच्या मानकऱ्यांकडून ‘या लेकराच्या औषधाक यश दी रे म्हाराजा’ असे गाऱ्हाणे घालून घेतले आणि जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हटले, तर काकांचा शब्दही राहील आणि सुईही राहील. पुन्हा कौल लावून तो उजवा पाडून घ्यावा, असे मात्र मी सुचवणार नाही. आज उजवा पडला तर पुढच्या आजारपणात पुन्हा डावा पडू शकतो, आणि मुलीचे आयुष्य दगडावर चिकटवलेल्या कळ्यांवर टांगलेले राहील.

आपला दुसरा प्रश्न अधिकाराचा आहे. स्वतः उपचार नाकारण्याचा अधिकार सज्ञान माणसाला बऱ्याच अंशी आहे. मुलाच्या वतीने जीव वाचवणारा उपचार नाकारण्याचा अधिकार धर्माच्या नावाने मिळत नाही. राज्यघटनेच्या २५व्या कलमातील धर्मस्वातंत्र्य सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता, आरोग्य आणि इतर मूलभूत हक्क यांना अधीन ठेवलेले आहे, आणि २१व्या कलमातील जीविताचा हक्क त्या ९ वर्षांच्या मुलीचाही आहे. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या ७५व्या कलमानुसार मुलाचा ताबा असलेल्या व्यक्तीने जाणूनबुजून त्याची हेळसांड केली आणि त्यामुळे त्याला विनाकारण शारीरिक वा मानसिक यातना होण्याची शक्यता असेल, तर तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा स्पष्टपणे गुन्हा ठरवलेला आहे. मधुमेहाचे नाव त्यात नाही आणि कौलाचेही नाही, म्हणून त्या कायद्याची भीती घालून देवस्थानच्या मंडळींना दुखावू नये. परदेशातही न्यायालयांचा कल हाच आहे. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात २००८ साली याच आजाराने खंगत चाललेल्या ११ वर्षांच्या मुलीला आईवडिलांनी डॉक्टरकडे न नेता तिच्यासाठी केवळ प्रार्थना केली आणि ती गेली. दोघेही दोषी ठरले, आणि २०१३ मध्ये त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. मुलीवर त्यांचे प्रेम नव्हते असे कोणी म्हटलेले नाही.

तरीही पोलीस ठाणे ही पहिली पायरी नव्हे. आधी वहिनीशी एकटीने बोला. जी आई दिवसातून चार वेळा लेकीला सुई टोचते ती थकलेली असते, आणि ‘देवाने सांगितले, बंद कर’ या शब्दांत तिला सुटका दिसली असेल, तर तिच्या गप्प राहण्याचा अर्थ वेगळा आहे. कित्येक घरांत धर्म हे पुढे केलेले कारण असते. मागे सुईची भीती, खर्च, वीज गेल्यावर इन्सुलिन कुठे ठेवायचे ही चिंता, ‘पुढे मुलीचे लग्न कसे होणार’ हा न बोललेला घोर असतो. यांतील ज्या गोष्टीला उत्तर आहे ते लगेच द्या. न उघडलेली कुपी फ्रिजमध्ये ठेवावी, बर्फाच्या कप्प्यात नव्हे. वापरात असलेली कुपी पावसाळ्यात वीज नसली तरी ओल्या वाळूतल्या मातीच्या मडक्यात, पाणी आत जाणार नाही अशी ठेवता येते आणि साधारण चार आठवडे वापरता येते. काही दिवस सकाळची सुई आपण देऊ शकलात तर उपदेशापेक्षा ते अधिक उपयोगी पडेल. मुलीलाही विचारा. ९ वर्षांच्या मुलीला सुई हवी की नको हे ठरवता येत नसले, तरी बेशुद्ध पडण्यापूर्वी कसे वाटत होते हे तिला आठवत असते, आणि वडिलांनी ते तिच्या तोंडून ऐकावे.

मग भावाला आणि काकांना घेऊन उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे जा. हनिमून काळाची गोष्ट डॉक्टरांनी त्यांना समोरासमोर सांगावी, आणि अंगारा कपाळाला लावण्यास हरकत नाही हेही सांगावे. इतके करूनही अमावास्येला सुई थांबलीच, तर त्याच दिवशी १०९८ या बालसहाय्य क्रमांकावर कळवा. कोणताही नागरिक, डॉक्टर किंवा परिचारिका अशा मुलाची बाब जिल्ह्याच्या बाल कल्याण समितीपुढे नेऊ शकते. समिती आईवडिलांना बोलावून समज देते, उपचार चालू ठेवण्यास सांगू शकते आणि वेळ पडल्यास मुलीला काही काळ योग्य व्यक्तीच्या हवाली करू शकते. ती योग्य व्यक्ती आत्याही असू शकते. आणि उलट्या किंवा गुंगी दिसली, तर समितीचीही वाट पाहू नका. १०८ची रुग्णवाहिका बोलावून मुलीला थेट रुग्णालयात न्या. माहेर तुटण्याची आपली भीती मी हलकी मानत नाही. पण ते तुटले तर काही वर्षांनी सांधता येईल.

प्रश्न : माझ्या ११ वर्षांच्या मुलालाही हाच आजार आहे. घरातील बुजुर्ग म्हणतात की इन्सुलिन डुकरापासून करतात, म्हणून ते हराम आहे. शिवाय मुलाला रमजानचे रोजे धरायचे आहेत.
— एक आई, रत्नागिरी

उत्तर : बुजुर्गांचे म्हणणे एके काळी खरे होते. पूर्वी डुकराच्या आणि गाईच्या स्वादुपिंडापासून इन्सुलिन काढत असत. १९८२ पासून मानवी इन्सुलिन जनुकीय तंत्राने जिवाणूंकडून किंवा यीस्टकडून तयार करून घेतले जाऊ लागले, आणि आज मुलांना दिले जाणारे इन्सुलिन बहुधा याच प्रकारचे असते. कुपीवरचे लेबल औषध दुकानदाराकडून वाचून घेऊन घरात दाखवा. नाबालिग, म्हणजे वयात न आलेल्या, मुलावर रोजा फर्ज (बंधनकारक) नाही, आणि कुराणातील सूरह बकराच्या १८४ व १८५ या आयतींत आजारी माणसाला सवलत दिलेली आहे. या आजारात दिवसभर उपाशी राहिल्यास साखर एकाएकी घसरण्याचा धोका असतो, आणि उपास आहे म्हणून इन्सुलिन टाळले तर वर वर्णन केलेला दुसरा धोका उभा राहतो. मुलाचा हट्टच असेल तर त्याला पहाटेच्या सहरीला उठवा, इफ्तारला सर्वांबरोबर बसवा, आणि दिवसाचे खाणे व सुई नेहमीप्रमाणे चालू ठेवा. घरात कोणी ऐकत नसेल, तर मोहल्ल्यातील मौलानांना रमजान सुरू होण्याच्या आधीच घरी बोलवा आणि हे त्यांच्या तोंडून बुजुर्गांच्या कानांवर घाला.