पार्किन्सनची जनुकीय कारणे शोधताना निरनिराळ्या वंशांच्या लोकांचा अभ्यास का करावा लागतो?

कारण एका समूहात पार्किन्सनचा धोका वाढवणारा जनुकीय बदल दुसऱ्या समूहात जवळजवळ नसतोच, आणि जिथे तो आहे तिथे शोध घेतला नाही तर तो नजरेआडच राहतो. याचे ठळक उदाहरण २०२३ साली ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले: नायजेरियातील आणि आफ्रिकी वंशाच्या अमेरिकी रुग्णांच्या अभ्यासात जीबीए१ या जनुकात असा एक बदल आढळला, की त्याची एक प्रत असल्यास धोका सुमारे दीडपट आणि दोन असल्यास सुमारे साडेतीनपट होतो. युरोपीय वंशाच्या लोकांमधील या जनुकाचे परिचित बदल बहुधा प्रथिनाची घडणच बदलतात. हा बदल मात्र, आणि मला हेच सर्वांत महत्त्वाचे वाटते, जनुकाच्या अशा भागात आहे, जिथे प्रथिन घडवण्याची सूचना नसते. प्रथिन बनण्याआधी जनुकाची आरएनए ही प्रत तयार होते आणि तिची कापणी-जोडणी होते; त्यात अडथळा आणून हा बदल जीबीए१पासून बनणाऱ्या एन्झाइमचे (रासायनिक क्रिया घडवणाऱ्या प्रथिनाचे) काम कमी करतो, त्यामुळे केवळ प्रथिन घडवणारे भाग वाचणाऱ्या चाचणीतून तो सहज निसटू शकतो. धोका वाढणे म्हणजे आजार होणे मात्र नव्हे. हा बदल असलेल्या बहुसंख्य लोकांना पार्किन्सन कधीच होत नाही.