हंसाचं एकुलतं पिल्लू : वाचकांचे प्रश्न

घरी उबवलेल्या हंसाच्या अंड्यांबद्दल किनारपट्टीवरून आलेले चार प्रश्न या वेळी एकत्र घेतले आहेत. हंस म्हणजे इथे घरी पाळतात तो, चोचीच्या मुळाशी गाठ असलेला, परकं माणूस दिसलं की मान लांब करून फिस्कारणारा पक्षी.

प्रश्न : मादी अंड्यांवरून उठून गेली म्हणून चार अंडी थर्माकोलच्या पेटीत, बल्ब आणि थर्मोस्टॅट लावून उबवली. पेटीत पहिल्या दिवसापासून पाण्याची वाटी होती. तिसाव्या दिवशी एकच पिल्लू बाहेर आलं. बाकीची तीन पूर्ण वाढलेली, पण ओलीचिंब, कवचातच मेलेली निघाली. उष्णता बरोबर होती, मग चुकलं कुठे? (वेंगुर्ले, जुलै)

उत्तर : बहुधा त्या वाटीतच. अंड्याच्या बोथट टोकाला हवेचा कप्पा असतो. उबवणीत अंड्यातलं पाणी कवचाच्या छिद्रांतून उडत जातं, तसा हा कप्पा मोठा होतो. पिल्लू आधी आतलं पापुद्र्याचं आवरण चोचीने फाडतं आणि पहिला श्वास त्या कप्प्यातल्या हवेत घेतं. पाणी पुरेसं उडालं नाही तर कप्पा लहान राहतो, पिल्लू अंगाने फुगलेलं असतं, त्याला वळायला जागा नसते आणि ते आतच गुदमरतं. ओलीचिंब पिल्लं हीच खूण सांगतात.

उबवणीची बरीचशी माहिती कोरड्या हवेचा विचार करून लिहिलेली असते, म्हणून तिच्यात पहिल्या दिवसापासून पाणी ठेवा असं सांगितलेलं असतं. आपल्याकडे पावसाळ्यात हवा 28 अंश सेल्सिअस आणि 85 टक्के आर्द्रतेची धरली, तर तीच हवा पेटीत 37.5 अंशांना तापली की तिची आर्द्रता आपोआप 50 टक्क्यांच्या आसपास येते. हंसाच्या अंड्याला पहिले 27 दिवस हवी तेवढीच. त्यात आणखी पाण्याची वाटी ठेवली की आर्द्रता नको तितकी चढते. याउलट जानेवारीतल्या रात्रीची 20 अंशांची, 60 टक्क्यांची हवा पेटीत गेल्यावर जेमतेम 22 टक्क्यांवर उतरते. तेव्हा मात्र वाटी हवीच.

अंदाजावर राहू नका, अंडं तोला. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा स्वयंपाकघरातला काटा पुरतो. उबायला ठेवताना 150 ग्रॅम भरलेलं अंडं दर आठवड्याला सुमारे 5 ग्रॅमने हलकं व्हायला हवं. पिल्लाची चोच कवचाला लागून पहिला तडा जाईपर्यंत एकूण घट 12 ते 15 टक्के, म्हणजे 18 ते 22 ग्रॅम. घट कमी असेल तर पाणी काढा आणि पेटीची हवेची भोकं मोकळी करा. जास्त असेल तर वाटी ठेवा.

उष्णतेचंही एकदा तपासून घ्या. पंखा असलेल्या पेटीत 37.5 अंश ठीक. पंखा नसेल तर थर्मामीटर अंड्याच्या वरच्या पृष्ठाच्या पातळीत ठेवून 38 ते 38.3 अंश हवं. तो तळाशी ठेवला तर आकडा फसवा येतो. अंडी आडवी ठेवायची. एका बाजूला पेन्सिलीने फुली, दुसऱ्या बाजूला गोल काढून दिवसातून तीन किंवा पाच वेळा उलटायची. विषम संख्या अशासाठी की रोज रात्री वेगळी बाजू वर राहते. आठव्या दिवसापासून दिवसातून एकदा दहा-पंधरा मिनिटं झाकण उघडून अंडी निवू द्या. मादीही चरायला उठते तेव्हा तेवढाच वेळ अंडी उघडी असतात.

सत्ताविसाव्या दिवसापासून उलटणं बंद, आणि आता मात्र आर्द्रता 70 ते 75 टक्क्यांवर न्यायची. पेटीत कोमट पाण्याची थाळी आणि ओलं फडकं ठेवा. पहिला तडा गेल्यावर पिल्लू बाहेर यायला 24 ते 48 तास लागतात, आणि या वेळात हात शिवशिवतातच. कवच सोलू नका. आतल्या आवरणात रक्तवाहिन्या अजून भरलेल्या असतात आणि पिवळा बलक पोटात ओढला जायचा असतो. घाई केली तर रक्त जाऊन पिल्लू मरतं. आणखी एक, किनाऱ्यावरचं खास संकट : तडा गेलेल्या अंड्याचा वास लाल मुंग्यांना लगेच लागतो. पेटी स्टुलावर ठेवा आणि स्टुलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत.

घरात खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसू पाहणारी कोंबडी असेल तर पेटीचा उपद्व्याप टळतो. एका कोंबडीखाली हंसाची तीन-चार अंडीच मावतात. ती तिला उलटता येत नाहीत, म्हणून दिवसातून दोनदा हाताने उलटावी लागतात. तिची स्वतःची बैठक 21 दिवसांची, इथे तीस लागतात. त्यामुळे नुकतीच खुडूक झालेलीच निवडा.

प्रश्न : एकच पिल्लू निघालं. तिसरा दिवस आहे. खोक्यात बल्ब लावला आहे, खाणंपिणं ठेवलं आहे. माणूस दिसेनासा झाला की ते कंठ फुटेपर्यंत ओरडतं, जवळ गेलं की गप्प. सवय लागेल म्हणून दुर्लक्ष करावं का? (गुहागर)

उत्तर : दुर्लक्ष करू नका. ते हट्ट करत नाही, हाक मारतं. अंड्यातून बाहेर पडल्यावर पहिल्या दिवशी जे हलतं-बोलतं दिसेल त्यालाच हंसाचं पिल्लू आई मानतं. ऑस्ट्रियाचे कॉनराड लोरेंझ यांनी राखी हंसांवर हे तपशिलाने अभ्यासलं, आणि 1973 साली प्राणिवर्तनाच्या अभ्यासासाठी नोबेल मिळालेल्या तिघांत ते होते. तुमच्या पिल्लाच्या लेखी आई तुम्ही आहात. तिसऱ्या दिवशी आई नाहीशी झाली की ते ओरडून ओरडून थकतं, खात नाही, आणि हीच एकट्या पिल्लाची सर्वांत मोठी अडचण आहे. उबेची सोय बल्ब करतो, सोबतीची करत नाही.

शक्य तितक्या लवकर जोडीदार आणा. हंसाचंच दुसरं पिल्लू मिळालं तर उत्तम, नाहीतर आठ-पंधरा दिवसांच्या फरकाचं बदकाचं पिल्लू. कोंबडीचं पिल्लू टाळा. हंसाचं पिल्लू पाण्याशी खेळून खोकं ओलं करतं आणि त्या ओलीत कोंबडीचं पिल्लू गारठतं. जोडीदार येईपर्यंत खोक्याच्या एका बाजूला छोटा आरसा टेकवा, झोपायला बटण-डोळे नसलेलं कापडी खेळणं द्या, आणि वर मऊ पिसांचा स्वच्छ झाडू असा लटकवा की पिल्लाला त्याखाली शिरता येईल. खोकं घरात माणसांचा वावर असेल तिथे ठेवा. पिल्लाने चढ्या सुरात ओरडलं की ठेका धरून हळू, खालच्या सुरात उत्तर द्या. पिल्लू लगेच तसंच कुजबुजत शांत होतं.

पुढचाही विचार आजच करा. हंस वीस वर्षं जगू शकतो. माणसातच वाढलेला नर विणीच्या दिवसांत माणसांनाच प्रतिस्पर्धी समजून अंगावर येतो आणि मादीकडे पाहत नाही. त्यामुळे त्याला मांडीवर घेऊन फिरण्याची सवय लावू नका. ते तुमच्या मागे चालेल, तेवढं पुरे.

उबेसाठी पहिला आठवडा 30 ते 32 अंश, मग दर आठवड्याला तीन अंश कमी. मे महिन्यात दिवसा बल्ब लागतही नाही. 40 वॅटचा तारेचा बल्ब खोक्याच्या एकाच टोकाला, हातभर उंचीवर लावा, म्हणजे पिल्लाला दूर सरकता येतं. एलईडीचा बल्ब उजेड देतो, ऊब देत नाही. पिल्लू पंख सैल सोडून चोच उघडी ठेवत असेल तर उकडतंय, बल्बाखाली अंग चोरून ओरडत असेल तर गारठलंय. वीज गेली तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवा.

खाली वर्तमानपत्र नको. त्यावर पाय घसरून दोन्ही बाजूंना फाकतात. गोणपाट किंवा जुना टॉवेल अंथरा आणि दिवसातून दोनदा बदला. नारळाच्या सोडणाचा काथ्या मुळीच नको, पिल्लं त्याचे धागे गिळतात. दमट पेंढ्यावर धरलेली बुरशी श्वासातून फुप्फुसात जाते, तेव्हा तोही नको.

प्रश्न : बारा दिवसांचं पिल्लू. कोंबडीच्या पिल्लांचं स्टार्टर (सुरुवातीचं तयार खाद्य) आणि शेंगदाण्याची पेंड देतो. आता पाय वाकतात, गुडघ्याजवळ सूज आहे, चार पावलं टाकून बसतं. (अलिबाग)

उत्तर : ही नायसिनची, म्हणजे ब-3 जीवनसत्त्वाची कमतरता दिसते. हंसाच्या पिल्लाला किलोभर खाद्यात सुमारे 65 मिलिग्रॅम नायसिन लागतं. कोंबडीच्या खाद्यात याच्या निम्म्याच्या आसपासच असतं. एक वाटी खाद्यात एक मोठा चमचा ब्रुअर्स यीस्ट (बिअर बनवताना वापरतात ते यीस्ट) कालवा. पाव फुगवायचं खमीर वेगळं, ते देऊ नका. पाय इतके वाकले असतील तर जोडीला 50 मिलिग्रॅमची नायसिनची गोळी दीड लिटर पाण्यात विरघळवून रोज ताजं पाणी द्या, आणि पशुवैद्यांना दाखवा. लवकर सुरू केलं तर काही दिवसांत चाल सुधारते, उशीर झाला तर हाडं तशीच राहतात.

पेंड आजच बंद करा. पावसाळ्यात शेंगदाण्याच्या पेंडीवर बुरशी धरते, तिच्यातलं अफ्लाटॉक्सिन हे विष बदक-हंसांच्या पिल्लांचं यकृत फार लवकर बिघडवतं. बुरशी नजरेला दिसत नसली तरी विष असू शकतं. स्टार्टर घेताना औषध न मिसळलेलं घ्या, पहिले तीन आठवडे 20 ते 22 टक्के प्रथिनांचं, पुढे 15-16 टक्क्यांचं. पुढेही जास्त प्रथिनं दिली तर पंखाचं टोक बाहेर वळतं. हरळी आणि माठ बारीक चिरून द्या, सोबत चिमूटभर जाडसर नदीची वाळू. कच्चं अळू नको. ओलं कालवलेलं खाद्य आपल्या हवेत दोन-तीन तासांत आंबतं, उरलेलं फेकून द्या.

प्रश्न : घरामागे व्हाळ (ओढा) आहे. पिल्लू दहा दिवसांचं आहे. पाण्यात सोडू का? विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मचूळ होतं, ते चालेल का? (राजापूर)

उत्तर : व्हाळात आत्ता नको. आईविना वाढणाऱ्या पिल्लाची लव पाणी धरते. घमेल्यात कोमट पाणी घेऊन पाच-दहा मिनिटं, तुमच्यासमोर. मग पुसून उबेला ठेवा. अंगावर खरी पिसं भरली की, साधारण सहा ते आठ आठवड्यांनी, व्हाळ मोकळा.

पिण्याचं भांडं इतकं खोल हवं की नाकपुड्या बुडवून धुता येतील, पण आत उतरता येणार नाही. त्यासाठी मधोमध धुतलेला दगड ठेवा. मचूळ पाणी मात्र देऊ नका. मोठ्या पक्ष्याला खपतं तेवढं मीठ पिल्लाच्या मूत्रपिंडाला झेपत नाही. त्याच कारणाने सुकट आणि मिठाचं कालवण घातलेला भातही नको. रात्री डालग्यावर, म्हणजे पक्षी झाकायच्या टोपलीवर विसंबू नका. मुंगूस आणि ऊदमांजर डालगं सहज उलथतात. अर्ध्या इंचाच्या जाळीचा, तळालाही जाळी असलेला पिंजरा पडवीत ठेवा आणि दाराला कडी लावा.