डोंबिवली ते बीकेसी: घर सांभाळायचं तर परतीची गाडी आधी ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: राहायला डोंबिवली, ऑफिस बीकेसीला (वांद्रे-कुर्ला संकुलात), वेळ १० ते ७, घरी पोचायला रात्रीचे ९. बायकोची नोकरी ठाण्यात, मुलगी सहा वर्षांची. काम आणि घर यांचा मेळ घालायचा कसा?

आधी एक कागद घ्या आणि चोवीस तास मांडा. झोप ७, ऑफिस ९, दारापासून दारापर्यंत जाऊन-येऊन पावणेचार, अंघोळ-जेवण-आवराआवर २. हातात उरतात सव्वादोन तास. बहुतेक लोक हे सव्वादोन तास झोपेतून वाढवू बघतात आणि गणित तिथेच फिसकटतं. सहा-साडेपाच तास झोपून गुरुवारपर्यंत माणूस चिडचिडा होतो आणि घरात असून नसल्यासारखा वावरतो. तेव्हा झोपेला हात लावू नका. कापायचं ते प्रवासातून आणि ऑफिस सुटल्यावरही मागे रेंगाळणाऱ्या कामाच्या शेपटातून.

यासाठी सगळ्यात आधी परतीची गाडी ठरवा. ऑफिस सुटायची वेळ ठरवून उपयोग नसतो, ती सहज पुढे ढकलली जाते. गाडी ढकलता येत नाही. समजा तुम्ही कुर्ल्याहून ६:४० च्या आसपासची गाडी धरली. आता उलटं मोजत या. बीकेसीतून कुर्ला पश्चिमेला पोचायला शेअर रिक्षाची रांग आणि ट्रॅफिक धरून ३५ मिनिटं, म्हणजे ६:०५ ला खाली उतरायचं. त्याआधी १५ मिनिटं उद्याची यादी लिहून लॅपटॉप बंद करायला. आणि ५:१५ नंतर नवीन काम उघडायचं नाही. आलं तर "उद्या ११ पर्यंत देतो" असं उत्तर लगेच पाठवायचं. वेळ सांगून उत्तर गेलं की समोरचा बहुधा थांबतो. नुसतं "बघतो" म्हटलं की साडेसातला फोन येतो.

हे १० ते ७ मध्ये बसणार नाही, वेळ ९ ते ६ करून घ्यावी लागेल. साहेबांकडे कायमची सवलत मागू नका, चार आठवड्यांचा प्रयोग मागा. मेल चार ओळींचा असू द्या: मी ९ ला हजर असेन, ६ ला निघेन, रोज पावणेसहाला कामाची स्थिती लिहून पाठवेन, तातडीचं असेल तर फोनवर आहे. यात एक गोष्ट हटकून बिघडते. माणूस ९ ला येऊ लागतो आणि जातो मात्र पूर्वीसारखाच ७ ला, कारण ६ ची मीटिंग कॅलेंडरवर तशीच राहिलेली असते. म्हणून पहिल्याच दिवशी ५:४५ ते ६:४५ हा तास कॅलेंडरवर अडवून ठेवा आणि संध्याकाळच्या मीटिंगला पर्याय म्हणून सकाळी साडेनऊ सुचवा.

आता गाडीचं. संध्याकाळी कुर्ल्याला मागून भरून आलेल्या फास्टमध्ये दारात लटकू नका. कुर्ल्याहूनच सुटणाऱ्या कल्याण बाजूच्या लोकल आहेत, त्या एम-इंडिकेटर या लोकलच्या वेळापत्रकाच्या ॲपवर शोधून ठेवा. धीम्या असतात, पंधरा-वीस मिनिटं जास्त लागतात, पण बसायला मिळण्याची आशा असते. बसून आलेला माणूस घरी पोचल्यावर तासभर तरी कामाचा असतो, चेंगरून आलेला थेट आडवा होतो. ती पंधरा मिनिटं वसूल होतात असं माझं ठाम मत आहे. सकाळी डोंबिवलीहूनच सुटणारी गाडी बघा. बसायला मिळावं म्हणून कल्याणला उलटं जाऊन येणार असाल तर पास कल्याणपासूनचा काढा. डोंबिवलीच्या पासावर कल्याणला जाणं हा विनातिकीट प्रवास धरला जातो. कुर्ल्याच्या रिक्षांचा कंटाळा आला असेल तर घाटकोपरला उतरून मेट्रो १ ने मरोळ नाका, तिथून मेट्रो ३ ने बीकेसी असाही रस्ता आहे. खर्च वाढतो आणि घाटकोपरच्या जिन्यावर गर्दी असते, पण सिग्नल आणि पावसाने वेळ फारशी हलत नाही. आठवडाभर दोन्ही रस्त्यांची मिनिटं लिहून काढा आणि मग ठरवा. गाडीत लॅपटॉप मात्र उघडू नका. प्रवासात काम होतं हे एकदा ऑफिसला कळलं की तोही वेळ त्यांचाच होतो.

अमेरिकेशी कॉल असतील तर घड्याळाचा हिशोब पाठ करा. उन्हाळ्यात न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे आपले संध्याकाळचे ६:३०. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं मागे जातात आणि तोच कॉल आपल्याकडे ७:३० ला येतो, तो मार्चपर्यंत. ऑक्टोबरमध्येच बोलून कॉल आठवड्यात दोन दिवसांवर आणा आणि त्या दिवशी घरून काम मागून घ्या.

घराबद्दल थोडं स्पष्ट बोलतो. तुमची बायको ठाण्याहून तुमच्या आधी घरी पोचते, म्हणून सगळा स्वयंपाक, डबे आणि अभ्यास तिच्याकडे सरकला असणार. तिथे "मदत" करून भागत नाही, कारण मदत सांगावी लागते आणि सांगणं हेही कामच आहे. एखादं काम मुळापासून शेंड्यापर्यंत अंगावर घ्या. डबा तुमचा म्हणजे भाजी संपत आली हे बघणं, आणणं, निवडणं, करणं आणि डबे घासणंसुद्धा तुमचंच.

सकाळच्या डब्याला रात्रीची अर्ध्या तासाची तयारी पुरते. शनिवारी सकाळी पाव किलो मटकी भिजत घाला, संध्याकाळी उपसून ओल्या फडक्यात घट्ट बांधा, रविवारी मोड येतात. पाणी नीट निथळलं नाही तर चिकट होऊन वास मारते. मोड आलेली मटकी फ्रिजमध्ये तीनेक दिवस टिकते, तेवढ्यात दोन डबे होतात. कणीक रात्री मळायची तर थोडी घट्ट मळा, वरून तेलाचा हात लावा आणि झाकणाच्या डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. सैल मळली किंवा उघडी राहिली की सकाळी काळपट पडते. संध्याकाळी कुकरच्या खालच्या भांड्यात एक वाटी तूरडाळ अडीच वाट्या पाण्यात हळद-हिंग घालून, वरच्यात एक वाटी तांदूळ दोन वाट्या पाण्यात, चार शिट्ट्या. फोडणी दिली की जेवण तयार. पोळ्या आठवड्यात दोन-तीन दिवस पोळीभाजी केंद्रातून आणा. डोंबिवलीत ती पावलोपावली आहेत आणि त्यात कमीपणा काही नाही.

फोनवर ऑफिसचे ग्रुप अर्काइव्ह करा आणि रात्री ८ नंतर फक्त फोनची घंटा चालू ठेवा. मुलीला रोज सलग तीस मिनिटं द्या, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. तुटक दीड तासापेक्षा ही तीस मिनिटं तिला जास्त पुरतात.

रजेचंही नियोजन करा. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात कामगाराला आठवड्याला कमाल ४८ तास, त्यावरच्या कामाला दुप्पट दर आणि वर्षाला ८ पगारी किरकोळ रजा आहेत. व्यवस्थापकीय पदाला तो लागू होत नाही, तेव्हा आपलं नेमणूकपत्र एकदा वाचा. किरकोळ रजा वर्षअखेर बुडतात, म्हणून तिमाहीला दोन आधीच टाकून ठेवा. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एकाच दिवशी आला की सायन-कुर्ल्याला रुळांवर पाणी चढण्याचा धोका असतो. भरतीचं वेळापत्रक महापालिका आधीच जाहीर करते, ते दिवस जूनमध्येच साहेबांना कळवा.

घर बदलायचा विचार शेवटी, आणि आकड्यांत. मुलुंड-भांडुपला गेल्याने रोज सव्वा तास वाचला तर २२ दिवसांचे साडेसत्तावीस तास होतात. भाडं महिना ११,००० ने वाढणार असेल तर तासाला ४०० रुपये पडले. पण डोंबिवलीत आजी-आजोबा शाळेतून मुलीला आणत असतील तर तिकडच्या पाळणाघराचा खर्च त्यात मिळवा आणि मग पुन्हा भागाकार करा.