चित्रांची वर्णने एआय लिहू लागला. मुलीने हे काम सोडावे का?

ठाण्याच्या वर्तकनगरातून एका आईंचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी मराठी विषय घेऊन बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि वर्षभरापासून साड्यांच्या एका दुकानाच्या वेबसाइटसाठी फोटोंची वर्णने, म्हणजे ऑल्ट टेक्स्ट, लिहून देते. तिला फोटोमागे पैसे मिळतात. ‘हे काम आता एआय फुकटात करतो’ असे सांगून दुकानदारांनी तिचा दर निम्म्यावर आणला आहे. तिने हे सोडून बी.एड.ची तयारी करावी का, असे आई विचारतात.

ताई, सप्रेम नमस्कार.

दुकानदारांच्या म्हणण्यात तथ्य आहे, हे आधी मान्य करू या. फेसबुकने फोटोंची आपोआप वर्णने देण्यास २०१६ मध्ये सुरुवात केली, तेव्हा ती ‘झाड, माणसे, बाहेर’ अशा सुट्या शब्दांपुरती होती. आजची साधने मराठीत पूर्ण, बऱ्यापैकी शुद्ध वाक्ये लिहितात. फोटोत काय दिसते एवढेच लिहून फोटोमागे पैसे मिळवण्याचा मार्ग यापुढे अरुंद होत जाणार, याबद्दल मी तुम्हाला खोटा दिलासा देणार नाही.

परंतु ऑल्ट टेक्स्ट म्हणजे फोटोत दिसणाऱ्या वस्तूंची यादी नव्हे. ज्यांना दिसत नाही त्यांचा स्क्रीन रीडर ते वाक्य मोठ्याने वाचतो आणि तेवढ्यावरून त्यांना निर्णय घ्यायचा असतो. पैठणीच्या फोटोखाली एआय ‘जांभळी साडी नेसलेली हसतमुख स्त्री’ असे लिहील. त्यात चूक काही नाही, उपयोगही नाही. खरेदी करणाऱ्या बाईंना काठ नारळी आहे की मुनियाचा, पदरावर मोर आहेत का आणि अंगभर बुट्टी आहे की साडी साधी आहे, हे हवे असते. हसू त्यांना विकत घ्यायचे नाही. शिवाय मुनियाच्या काठावरचे छोटे पोपट यंत्राला पाने वाटू शकतात, आणि ते वाक्य इतक्या आत्मविश्वासाने लिहिलेले असते की फोटो न पाहणाऱ्याला चूक पकडण्याचा मार्गच उरत नाही. किमतीची पाटी फोटोतच असेल तर अधिक जपावे लागते, कारण देवनागरी ‘१’ आणि इंग्रजी नऊचा आकडा दिसायला जवळचे आहेत.

याच्या उलट बाजूही आहे. पानाच्या कडेला शोभेसाठी काढलेल्या रांगोळीचे वर्णन करायचेच नसते. तिथे ऑल्ट टेक्स्ट जाणूनबुजून रिकामे ठेवतात, म्हणजे स्क्रीन रीडर ती ओलांडून पुढे जातो. पिशवीच्या चिन्हावर ‘पिशवीचे चित्र’ नव्हे, तर ‘खरेदीची पिशवी उघडा’ असे हवे. यंत्राला फोटो दिसतो, पण तो त्या पानावर कशासाठी ठेवला आहे हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि ते सांगणे व नंतर तपासणे हेच तुमच्या मुलीचे यापुढचे काम आहे.

या कामाला कायद्याचाही आधार आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे आणि डिजिटल सेवा दिव्यांगांनाही वापरता याव्यात (यालाच सुगम्यता म्हणतात) यासाठी आयएस १७८०२ हे भारतीय मानक आहे. सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवा वापरता येणे हा घटनेच्या २१ व्या कलमातील जगण्याच्या हक्काचा भाग मानला. युरोपीय संघाचा सुगम्यता कायदाही २८ जून २०२५ पासून लागू झाला असल्याने तिकडच्या ग्राहकांना सेवा देणाऱ्या कंपन्यांना हे टाळता येणार नाही. साड्यांचा दुकानदार कायद्याच्या धाकाने लगेच जागा होईल असे मात्र समजू नका. मागणी आधी बँका, विमा, सरकारी संकेतस्थळे आणि ऐरोली-महापे पट्ट्यातल्या आयटी कंपन्यांकडून येण्याची शक्यता अधिक आहे.

म्हणून तिने आधी एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर संगणकावर घ्यावा आणि पडदा बंद ठेवून दुकानाची वेबसाइट केवळ ऐकत एक साडी मागवून पाहावी. हा अर्धा तास कोणत्याही व्हिडिओपेक्षा अधिक शिकवतो. पानाची भाषा मराठी असल्याची नोंद कोडमध्ये नसेल तर मराठी मजकूर चुकीच्या आवाजात कसा वाचला जातो, हेही तिथेच कळेल. मग डब्ल्यूसीएजी २.२ हे वेबसाइटच्या सुगम्यतेचे ऑक्टोबर २०२३ चे आंतरराष्ट्रीय निकष वाचावेत. त्यांतला पहिलाच, १.१.१, चित्रांना पर्यायी मजकूर देण्याविषयी आहे. महागड्या प्रमाणपत्रांची घाई नको. एखाद्या दृष्टिबाधित व्यक्तीला मोबदला देऊन चाचणी करून घेता आली, तर तो खर्च जरूर करावा. (फुकटात ‘जरा बघून द्या’ म्हणण्याची आपली सवय इथे तरी सोडावी.)

एआय तिने अवश्य वापरावा आणि तसे दुकानदारांना सांगावेही. पानाचा हेतू, ग्राहक आणि साडीचा प्रकार आधी सांगून मसुदा घ्यावा, तो फोटोशी ताडून पाहावा आणि काय बदलले त्याची वही ठेवावी. ग्राहकांचे फोटो त्यांच्या परवानगीशिवाय अशा साधनांत टाकू नयेत. दर मात्र फोटोमागे न घेता पानामागे किंवा तासामागे घ्यावा, कारण रिकामे ठेवायचे ऑल्ट टेक्स्ट ओळखण्यालाही वेळ आणि अक्कल लागते, आणि फोटोमागच्या हिशेबात त्याचे शून्य रुपये होतात.

बी.एड.ला माझा विरोध नाही. तिला वर्गात शिकवणे आवडत असेल तर तिने ते जरूर करावे. निम्म्या झालेल्या दराच्या भीतीपोटी दोन वर्षे घालवू नयेत, एवढेच. तूर्त तिने दुकानातल्या दहा साड्या निवडाव्यात, प्रत्येकीचे यंत्राने लिहिलेले आणि स्वतःचे वर्णन फोन वा संगणकावर दुकानदारांना ऐकवावे, आणि फोटो न दाखवता त्यांना त्यांचीच साडी ओळखायला सांगावी. दराची बोलणी त्यानंतर करावीत.