आईच्या रिपोर्टमधला व्हीयूएस

तुमचा प्रश्न असा: आईला स्तनाचा कर्करोग, मावशीलाही झालेला, आईच्या जनुक चाचणीत बीआरसीए२मध्ये (यात बिघाड असला तर स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो, असं जनुक) 'व्हीयूएस' (व्हेरिएंट ऑफ अनसर्टन सिग्निफिकन्स, म्हणजे अर्थ न ठरलेला बदल) आला, तर तोच बदल तुम्हीही तपासून घ्यावा का? माझं उत्तर, आत्ता तरी नको.

असे रिपोर्ट तयार करण्यात माझी बरीच वर्षं गेली. या तीन अक्षरांइतका गोंधळ दुसरं काही घालत नाही. व्हीयूएस म्हणजे 'थोडासा पॉझिटिव्ह' नव्हे. बदल दिसला, पण त्याने काही बिघडतं का हे ठरवायला पुरावा अपुरा, इतकंच. अमेरिकी जनुकतज्ज्ञांच्या २०१५च्या नियमावलीनुसार बदलांचे पाच गट पडतात: रोगकारक, बहुधा रोगकारक, व्हीयूएस, बहुधा निरुपद्रवी, निरुपद्रवी. 'बहुधा' म्हणायलाही ९० टक्क्यांहून जास्त खात्री लागते. मधला गट केवढा ऐसपैस ते पाहा: संशय १५ टक्के असो की ८०, मुक्काम तिथेच.

आता तुमची चाचणी. आईचा बदल तुमच्यात असण्याची शक्यता ५० टक्के. सापडला तर अर्थ कुणालाच माहीत नाही. नाही सापडला तर दिलासा फसवा, कारण आईचा आजार त्यामुळेच झाला हेच ठरलेलं नाही. मावशीची चाचणी थोडी कामाची. सख्ख्या बहिणींत असा बदल दोघींकडे असण्याची शक्यता एरवीही निम्मी, म्हणून तिच्यात सापडल्याने फार काही सिद्ध होत नाही. नसला तर मात्र संशय कमी होतो. (संपत नाही. एकाच घरात दोघींना वेगवेगळ्या कारणांनीही हा आजार होतो.)

तुमची स्वतःची स्तनांची तपासणी कधीपासून आणि किती वेळा, हे दोघींना कोणत्या वयात आजार झाला त्यावरून डॉक्टरांशी बोलून ठरवा. निव्वळ व्हीयूएसवरून कुणी शस्त्रक्रिया सुचवली, तर दुसरं मत घ्याच.

वर्षा-दोन वर्षांनी लॅबला वर्गीकरण बदललं का ते विचारा. लॅब आपणहून कळवतीलच असं नाही. २०१८मध्ये बीआरसीए१ या जोडीच्या जनुकातले जवळपास ४,००० बदल पेशींमध्ये गठ्ठ्याने तपासले गेले, अशा कामातून कोडी सुटत जातात. गट बदललेले बहुतेक व्हीयूएस निरुपद्रवीच्याच बाजूला जातात. विचारताना रिपोर्टवरचं 'सी.'ने ('c.') सुरू होणारं बदलाचं पूर्ण नाव द्या. नुसतं 'बीआरसीए२ व्हीयूएस' सांगितलं तर कुणालाही काही शोधता येणार नाही.