बोटीचा स्पीड किती पाहिजे? तुमचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न (रामटेक): खिंडसी तलावावर बोटीमागं दोरीनं ओढतात त्या हवेच्या ट्यूबवर बसायचं म्हणून पोरगं मागं लागलं आहे, वय ९. बोटवाल्याला किती स्पीड सांगू?

भाऊ, ताशी १५ किमीच्या आसपास, लहान पोरांना तेवढ्यातच लय मजा येते. मोठ्यांनाही २५-३० पुरे. पण खरी गोम वळणावर आहे. बोट वळली की ट्यूब बाहेरच्या बाजूला फेकली जाते, तिला मोठा घेर कापावा लागतो, म्हणून बोटीचा काटा २५ वर असला तरी ट्यूब त्याच्यापेक्षा जोरात पळत असते, आणि माणूस पडते ते बहुतेक तिथंच. वळायच्या आधीच स्पीड कमी करायला सांगा. अर्ध्या वळणात एकदम कमी केला तर दोरी ढिली पडते अन् पुन्हा ताणली की मानेला झटका बसते. लाइफ जॅकेट पोराच्या मापाचं पाहिजे, खांदे धरून वर ओढलं तर कानापर्यंत सरकलं नाही पाहिजे.

प्रश्न (पवनी): गोसीखुर्द धरणावर वेकबोर्ड (दोरी धरून बोटीमागं एका फळीवर उभं राहायचा खेळ) शिकून राहिलो, पाण्यातून उठताच येत नाही. बोटवाला म्हणते अजून जोरात ओढतो.

नका ओढू देऊ! जोरात ओढलं की हँडल हातातून सुटते नाहीतर तोंडावर आपटता. गुडघे छातीशी, हात सरळ, आणि बोटीनं हळूहळू ओढत न्यायचं, उभं राहायची घाई तुम्ही करायची नाही. उठल्यावर नवख्याला २५-३० बास, हात बसला की ३५ पर्यंत जा. दोन स्कीवर (पायांत बांधायच्या लांब पट्ट्या) शिकणाऱ्या मोठ्या माणसाला ३०-३५ लागते, वजन कमी असेल तर त्याहून कमी. एका स्कीवरच्या स्लॅलम (पाण्यातल्या खुणांना वळसे घालत जायच्या) स्पर्धेत पुरुषांसाठी वरची मर्यादा ५८ किमी आहे, म्हणजे आपण त्या वाटेला जायचं काही कामच नाही.

आणि हो, धरणाचं पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांचे खुंट वर येतात, जाळीही असतात. कुठून बोट न्यायची ते आधी तिथल्या ढिवर (मासेमार) मंडळींना विचारा.

प्रश्न (मोर्शी): आमच्या बोटीला मागं बाहेर लटकलेलं आउटबोर्ड इंजिन आहे. वेकसर्फिंग (बोटीमागच्या लाटेवर फळीवरून घसरायचा खेळ) तर १६-१९ लाच होते म्हणे, मग चालेल ना?

नाही. कितीही हळू चालवा, नाहीच. त्यात माणूस बोटीच्या अगदी मागं असतो, पडला की थेट इंजिनाच्या पंख्याकडे. ज्या बोटीचा पंखा तळाखाली पुढं असतो, तिच्याच मागं हा खेळ.

प्रश्न (भंडारा): काट्यावर २० दिसते आणि पोरं ओरडतात लय जोरात आहे, असं काहून?

काटा किमीचा आहे का पाहा. मैलाचा असेल तर २० म्हणजे ३२ किमी, नॉटचा असेल तर ३७! आणि ड्रायव्हरचं लक्ष पुढं असते, तेव्हा मागं तोंड करून बसणारा एक माणूस बोटीत ठेवाच. अंगठा वर म्हणजे वाढव, खाली म्हणजे कमी कर, गळ्यावरून हात फिरवला की थांबव, हे पाण्यात उतरायच्या आधी पोरांकडून करून घ्या.